वाचक विचारतात : फ्रेंच घरातलं रोजचं जेवण

फ्रेंच जेवणाबद्दल प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं, तर निम्मी पत्रं ‘क्रोसाँ घरी कसे करायचे’ एवढंच विचारणारी आली. त्यांना या वेळी बगल देतोय. फ्रान्समध्येही घरी क्रोसाँ करण्याच्या भानगडीत फारसं कुणी पडत नाही, कोपऱ्यावरच्या बेकरीतून आणतात, तेही बहुधा सुट्टीच्या सकाळी. उरलेल्या पत्रांतले, रोजच्या जेवणाशी संबंध असलेले प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : मुलगी ल्यों शहरात शिकायला गेली आहे. तिचा वर्ग दुपारी अडीचला सुटतो आणि तेव्हा गावात कुठेच गरम जेवण मिळत नाही म्हणते. हॉटेलं उघडी दिसतात, माणसं बसलेली दिसतात, पण हिला ‘नाही’ म्हणतात. असं का? — एक आई, सातारा

उत्तर : बसलेली माणसं बाराला किंवा साडेबाराला आलेली असतात आणि आता कॉफीवर असतात. स्वयंपाकघर दोनच्या सुमाराला बंद होतं, ते थेट संध्याकाळी सातला उघडतं. स्वयंपाकी मधल्या वेळात घरी जातो. तिच्याशी कुणी उद्धटपणे वागत नाहीये, चूल खरोखरच विझलेली असते.

फ्रान्समध्ये जेवणाची वेळ ही आपल्याकडच्या गाडीच्या वेळेसारखी असते, चुकली की चुकली. सकाळी सात-आठला न्याहारी, बारा ते दोन दुपारचं जेवण, चार-साडेचारला मुलांचं खाणं, आणि साडेसात-आठला रात्रीचं. मधल्या वेळात येताजाता तोंडात टाकायची पद्धत मोठ्यांमध्ये फारशी नाही. दुपारच्या जेवणाला इतका मान आहे की कामाच्या जागी बसून जेवू नये असा नियम त्यांच्या कामगार कायद्यातच आहे. करोनाच्या काळात तो तात्पुरता शिथिल करावा लागला होता.

तिच्यासाठी तीन वाटा आहेत. एक, ज्या ब्रासरीच्या, म्हणजे मोठ्या कॅफेवजा हॉटेलच्या, पाटीवर ‘सेर्विस काँतिन्यू’ लिहिलेलं असतं तिथे दिवसभर स्वयंपाकघर चालू असतं. स्टेशनाजवळ आणि मोठ्या चौकात अशा जागा सापडतात, दर मात्र थोडे चढे. दोन, बेकरी. तिथे अख्खा दिवस भरलेले पाव, किश (अंडं-मलईचा खारा टार्ट), भाज्यांचे टार्ट मिळतात आणि मागितलं तर गरम करून देतात. तीन, आणि खिशाला सगळ्यात परवडणारी, म्हणजे विद्यार्थ्यांसाठी ‘क्रूस’ ही सरकारी यंत्रणा चालवते ती उपाहारगृहं. ती मुख्यतः दुपारीच चालतात, म्हणून वर्गाच्या आधी, साडेअकराला जाऊन जेवून घेणं बरं.

बिलाबद्दलही सांगून ठेवा. ‘मन्यू’ म्हणजे पदार्थांची यादी नव्हे, ठरावीक किमतीचं दोन-तीन पदार्थांचं जेवण. यादीला ‘कार्त’ म्हणतात. ‘आँत्रे’ म्हणजे मुख्य पदार्थ नव्हे, त्याआधीचा. दुपारचं ‘फॉर्म्यूल’ सगळ्यात स्वस्त : पहिला आणि मुख्य, किंवा मुख्य आणि गोड. जेवणाबरोबर पाव आणि नळाच्या पाण्याची सुरई फुकट असते. नुसतं ‘पाणी’ म्हटलं की बाटली येते आणि तिचे पैसे पडतात. ‘युन काराफ द’ओ’ म्हणायचं. टिप बिलातच धरलेली असते.

प्रश्न : आम्ही पाच जण, सगळे शाकाहारी, अंडं चालतं. मे महिन्यात दहा दिवस पॅरिस आणि नीसला जातोय. टूर कंपनीने ‘व्हेज मिळतं’ एवढंच सांगितलंय. — डोंबिवली

उत्तर : मिळतं, पण ‘व्हेज’ शब्दाच्या भरवशावर राहू नका. जुन्या वळणाच्या फ्रेंच स्वयंपाकात ‘मांस’ म्हणजे ताटातला मोठा तुकडा. सॅलडवर भुरभुरलेले खारवलेल्या डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, म्हणजे ‘लार्दों’, हे वाढणाऱ्याच्या लेखी मसाल्यासारखे असतात. म्हणून ‘मी शाकाहारी’ एवढंच सांगून थांबू नका, काय काय नको ते म्हणा : ‘ज न माँज नी व्याँद, नी प्वासों, नी लार्दों, नी जाँबों.’ मांस नको, मासे नकोत, लार्दों नको, हॅम नको. एका कागदावर लिहून घ्या आणि सरळ दाखवा. उच्चारांची परीक्षा तिथे द्यायची नाहीये.

कुठे काय लपलेलं असतं : कांद्याचं सूप गोमांसाच्या पाण्यात करतात. किश लोरेनमध्ये लार्दों असतातच. कूसकूसवर भाजी ओतलेली दिसते, पण रस्सा बहुधा मटणाचा. उत्तर फ्रान्समध्ये बटाट्याच्या फ्राइज गाईच्या चरबीत तळायची पद्धत आहे. दुकानातल्या चॉकलेट मूसमध्ये आणि लवचिक गोड पदार्थांत जिलेटिन असतं, पाकिटावर ‘जेलातीन’ वाचा. ‘सैंदू’ दिसलं तर ती डुकराची चरबी. ब्रिटनी प्रांतातले गालेत, म्हणजे कुट्टूच्या पिठाची धिरडी, ज्या तव्यावर घालतात तो तवाही परंपरेने याच सैंदूने पुसतात. पुष्कळ ठिकाणी आता तेल किंवा लोणी वापरतात, पण विचारा.

चीजचा विषय नाजूक आहे. रोकफोर, काँते, ब्री द मो, नॉर्मंडीचं खरं कामाँबेर या नामांकित चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या जठरातलं एन्झाइम वापरतात. लेबलवर त्याला ‘प्रेझ्यूर’ म्हणतात. जे ते टाळतात त्यांनी ‘कोआग्युलाँ मिक्रोबियें’ असं लिहिलेलं चीज घ्यावं. ते सुपरमार्केटमध्ये मिळतं, दर्दी लोकांच्या चीजच्या दुकानात कमी. ‘फ्रोमाज ब्लाँ’ दह्यासारखं दिसतं, पण त्यातही पुष्कळदा प्रेझ्यूर असतं. साधं दही निर्धोक, आणि फ्रेंच घरांत जेवणाच्या शेवटी साखर घालून तेच खातात. आपल्याला घरी आल्यासारखं वाटेल असा हा एकमेव शेवट.

आता नीस. शाकाहारी माणसाला फ्रान्समध्ये नीसइतकं सुखाचं गाव क्वचितच सापडेल, मात्र तिथे चार सापळे आहेत. ‘पिसालादियेर’ म्हणजे कांद्याचा टार्ट, वर अँचोव्ही मासळी. ‘सालाद निस्वाज’मध्ये अँचोव्ही किंवा ट्यूना. ‘पाँ बान्या’ या गोल पावातही मासाच. ‘पेती फार्सी’ या भरल्या भाज्यांतही बहुतेक वेळा खिमा असतो. हे चार सोडले की बाकी मोकळं रान : रातातुई (वांगी-टोमॅटो-झुकिनीची भाजी), झुकिनीच्या फुलांची भजी (आपल्या भोपळ्याच्या फुलांच्या भज्यांची सख्खी बहीण), चण्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या म्हणजे ‘पानीस’, आणि सगळ्यात वरची ‘सोक्का’.

सोक्का म्हणजे चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ. लाकडाच्या भट्टीत, हात पसरावेत एवढ्या तांब्याच्या परातीत पातळ ओततात. कडा करपतात, पोट मऊ राहतं. कागदात खरवडून देतात, वर ताजी मिरपूड, बस. हळद नाही, जिरं नाही, मिरची नाही. आपल्या बेसनाच्या धिरड्याशी तुलना करायचा मोह आवरा आणि ती गरम असतानाच खा. गार झाली की चिवट होते. घरी करायची तर २५० ग्रॅम बेसनाला ४५० ते ५०० मिली पाणी, ३ मोठे चमचे ऑलिव्ह तेल, १ चमचा मीठ, दोन तास भिजवून. ट्रे आधी २५० अंशांवर दहा मिनिटं रिकामा तापवायचा, त्यात तेल, मग पीठ. थर अर्धा सेंटिमीटरच्या वर गेला की आतून कच्चं लागतं आणि सगळे म्हणतात हा ढोकळा बसला.

पॅरिसमध्ये मारे भागातल्या र्‍यू दे रोझिये रस्त्यावर फलाफल मिळतं आणि पोट भरतं. गार द्यु नॉर आणि ला शापेल भागात दक्षिण भारतीय आणि श्रीलंकन तमिळ खानावळी आहेत. चौथ्या दिवशी भाताची आठवण आली की तिकडे वळा.

प्रश्न : फ्रेंच कांद्याचं सूप तीनदा केलं. दोनदा कडू झालं, एकदा नुसतंच गोड आणि फिक्कट. कांदा नाशिकचा लाल वापरते. — नाशिक रोड

उत्तर : दोन्ही बिघाडांचं मूळ एकच, घाई. दोनदा आच वाढवून घाई केलीत, एकदा वेळ कमी देऊन.

चार जणांसाठी १ किलो कांदा, ६० ग्रॅम लोणी, १ मोठा चमचा तेल, १ छोटा चमचा मीठ, १ मोठा चमचा मैदा, सव्वा लिटर भाजीचं पाणी, भाजलेल्या पावाचे ८ काप आणि १५० ग्रॅम किसलेलं चीज. कांदा शेंड्याकडून देठाकडे उभा कापा, ३ मिलिमीटर जाड. आडव्या चकत्या केल्या की तासाभरात त्यांचा लगदा होतो. कागदासारखा पातळ कापला की कडा आधी जळतात, तुमच्या कडूपणात त्याचाही हात असेल.

जाड बुडाच्या पातेल्यात लोणी आणि तेल, त्यात कांदा आणि मीठ, झाकण ठेवून मंद आचेवर १५ मिनिटं. मिठाने कांद्याला पाणी सुटतं आणि तो स्वतःच्या पाण्यात शिजतो. मग झाकण काढा. पुढची ४० ते ५० मिनिटं दर तीन-चार मिनिटांनी ढवळायचं. पंचविसाव्या मिनिटाला कांदा फिक्या सोनेरी रंगाचा होतो आणि ‘झालंच की’ असं वाटतं. फिक्कट गोड सूप इथे जन्माला येतं. अजून अर्धा तास हवा. तळाशी तपकिरी थर धरायला लागला की दोन चमचे पाणी घालून तो उलथण्याने सोडवून कांद्यातच मिसळायचा. सूपचा रंग आणि चव त्या थरात असते. थर तपकिरी आहे तोवर ठीक, काळा झाला की ते पातेलं ओतून टाकण्यापलीकडे इलाज नाही, पाणी वाढवून कडूपणा जात नाही. शेवटी एक किलोचा कांदा पाव किलोच्या आसपास उरला पाहिजे, जॅमसारखा, गुळाच्या रंगाचा.

मग मैदा भुरभुरून दोन मिनिटं परता. मूळ पद्धतीत इथे पेलाभर आंबट पांढरी वाइन पडते. ती नको असेल तर १ मोठा चमचा व्हिनेगर घाला, पण आंबट काहीतरी हवंच, नाहीतर गोडपणा जिभेवर बसतो. भाजीच्या पाण्याला दम येण्यासाठी गाजर, सेलेरी, मिरे, तमालपत्र आणि मूठभर सुके मश्रूम ४० मिनिटं उकळा. गोमांसाच्या पाण्याची जी खोली असते ती थोडीफार मश्रूम भरून काढतात.

लाल कांद्याने सूप चालतं, रंग थोडा मळकट येतो. अलिबागचा पांढरा कांदा मिळाला तर तो घ्या, गोडवा आणि रंग दोन्ही जमतात.

वरचा पाव आधी कडक भाजलेला हवा, नाहीतर बुडून खीर होते. चीज ग्रुयेर किंवा काँते. आपल्याकडच्या डब्यातल्या प्रोसेस्ड चीजचा वर नुसता पिवळा पापुद्रा धरतो, तार येत नाही. अर्धं मोझरेला आणि अर्धं मुरलेलं चेडार किंवा गाउडा घ्या. पहिलं तार देतं, दुसरं चव. २२० अंशांवर वर डाग पडेपर्यंत, साधारण ८ मिनिटं.

हे सूप पॅरिसच्या ले आल या मोठ्या मंडईत रात्रपाळी करणाऱ्यांचं खाणं म्हणून गाजलं. मंडई १९६९मध्ये शहराबाहेर राँजिसला गेली, सूप तिथेच राहिलं. पहाटे चारला हमाली करणाऱ्याने खायचा पदार्थ आहे हा, म्हणून तो जड आहे. यानंतर दुसरं जेवण मांडू नका.

प्रश्न : सॅलडचं ड्रेसिंग फुटतं. तेल वर, व्हिनेगर खाली. बाटलीतली फ्रेंच मोहरी महाग आहे, आपली मोहरी वाटून चालेल का? — कोल्हापूर

उत्तर : चालेल, आणि तुमच्याकडे ती करायची विद्या आधीपासून आहे. दिजाँ मोहरी, म्हणजे तीच बाटलीतली फ्रेंच मोहरी, ज्या तपकिरी दाण्याची करतात तो आपल्या मोहरीच्याच जातीचा. फ्रान्समध्ये दाणा मोठ्या प्रमाणात कॅनडातून येतो. २०२१मध्ये तिथे दुष्काळ पडला आणि २०२२च्या उन्हाळ्यात फ्रेंच दुकानांतली मोहरीची फळी रिकामी पडली होती.

लोणच्यासाठी आपण मोहरी फेसतो तेव्हा नाकात झिणझिण्या येतात. कोरड्या दाण्यात तो तिखटपणा नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की आतलं एन्झाइम काम सुरू करतं आणि झोंबणारं तेल तयार होतं. उकळतं पाणी घातलं तर एन्झाइम मरतं आणि नुसता कडवटपणा उरतो. फोडणीतली मोहरी झोंबत नाही त्याचंही हेच कारण. आंबट घातलं की क्रिया मंदावते, पण तयार झालेला तिखटपणा टिकतो. म्हणून क्रम असा : ५० ग्रॅम मोहरी गार पाण्यात रात्रभर भिजवा, निथळून थोड्या गार पाण्याबरोबर बारीक वाटा, दहा मिनिटं तशीच ठेवा, झोंबायला लागली की मग २ मोठे चमचे व्हिनेगर आणि अर्धा चमचा मीठ. गाळून साल काढली तर दिजाँसारखी गुळगुळीत होते. पहिले दोन दिवस कडू लागते, फ्रिजमध्ये चार दिवस मुरू द्या.

ड्रेसिंग फुटतं ते क्रम उलटा झाल्यामुळे. मीठ तेलात विरघळत नाही. आधी १ मोठा चमचा व्हिनेगर, त्यात चिमूटभर मीठ विरघळवा, मग १ छोटा चमचा मोहरी, आणि शेवटी ३ मोठे चमचे तेल, धार बारीक, हात सतत फिरता. तेल आणि व्हिनेगर यांना मोहरीच धरून ठेवते. तरी सुटलं तर दुसऱ्या वाटीत अर्धा चमचा मोहरी घेऊन त्यात फुटलेलं ड्रेसिंग थेंब थेंब घोटा, परत जमतं.

पानं कोरडी हवीत, धुऊन फडक्यात गुंडाळून झटकलेली. ओल्या पानावर ड्रेसिंग टिकत नाही, सगळं भांड्याच्या तळाशी जातं. वाढायच्या क्षणी कालवा. या कालवण्याला फ्रेंचमध्ये ‘सॅलड दमवणं’ म्हणतात, पानं खालीवर करून करून थकली पाहिजेत. आणि हे हिरवं सॅलड जेवणाच्या सुरुवातीला नव्हे, मुख्य पदार्थानंतर, चीजच्या आधी किंवा बरोबर येतं.

प्रश्न : ग्रातँ दोफिन्वा (दूध-मलईत भाजलेले बटाटे) केलं, दूध नासल्यासारखं होऊन बटाट्यात गुठळ्या झाल्या. क्रेम फ्रेशच्या जागी घरची साय वापरली होती. — इंदूर

उत्तर : सायीची कल्पना चांगली, साय किती दिवसांची होती ते तुम्ही लिहिलं नाहीत. आठवडाभर साठवलेली असेल तर दोष तिचा.

क्रेम फ्रेश म्हणजे विरजलेली मलई, त्यात ३० टक्के किंवा अधिक स्निग्धांश. लोणी काढण्यासाठी आपण साय विरजतो ती तिची जवळची नातलग. भरपूर स्निग्धांश आणि कमी प्रथिनं यामुळे क्रेम फ्रेश उकळी सोसते. दही त्याच आचेवर फुटतं. पण साठवलेली साय रोज थोडी थोडी आंबट होत जाते, त्या आंबटाने भोवतीचं दूध नासतं. दोन दिवसांच्या आतली साय घ्या, गाळणीतून दाबून पापुद्रे मोडा, मिक्सरमध्ये फिरवू नका, लोणी निघेल.

१ किलो बटाटे ३ मिलिमीटरच्या चकत्या करून घ्या. चकत्या धुवायच्या नाहीत. वेफर्सची सवय असलेल्या हाताला हे जड जातं, पण वरचं पिठूळ पाणी हेच इथलं दाटपण आहे आणि दूध फुटू न देणारंही तेच. ३०० मिली दूध, ३०० मिली मलई, १ छोटा चमचा मीठ, मिरपूड, चिमूटभर जायफळ यात चकत्या मंद आचेवर १० मिनिटं उकळा. भांड्याला आतून लसणाची कापलेली पाकळी आणि लोणी चोळा, त्यात ओता, १५० ते १६० अंशांवर एक तास. छोट्या ओव्हनमध्ये वरची सळई जवळ असते, म्हणून पहिली ४० मिनिटं फॉइल झाका. सुरी विरोधाशिवाय आत गेली की झालं, मग १५ मिनिटं बाहेर ठेवा. गरमागरम कापलं तर पातळ वाहतं.

वर चीज घातलंत तरी कुणी पकडायला येणार नाही, पण ग्रनोब्लच्या दोफिने प्रांतातला मूळ पदार्थ चीजशिवाय आहे. बोफोर चीज घालतात तो शेजारच्या साव्वा प्रांतातला.

प्रश्न : उपासाच्या कुट्टूच्या पिठाचे ब्रिटनीचे गालेत होतात असं वाचलं. माझे तव्यावरून निघताना तुकडे होतात. — ठाणे

उत्तर : पीठ तेच. कुट्टू हे धान्य नाही, आंबट चुक्याच्या कुळातल्या झाडाचं बी आहे. त्यात ग्लुटेन नसतं, म्हणून तुकडे. २५० ग्रॅम पीठ, १ छोटा चमचा मीठ, ५५० मिली पाणी, चालत असेल तर १ अंडं. आधी निम्मं पाणी घालून हाताने पाच मिनिटं जोरात फेटा, पीठ हाताला ओढायला लागलं पाहिजे. उरलेलं पाणी घालून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. भिजलं नाही तर फाटणारच. बिडाचा तवा, घावनाला तापवता त्याहून जास्त तापलेला. कडा सुटून वर यायच्या आधी उलथणं लावू नका. पहिला गालेत तव्याला द्यायचा, तो ब्रिटनीतही बिघडतो. पीठ जुनं असेल तर खवट, कडू वास येतो. नवरात्रात ताजं आलेलं घ्या.

प्रश्न : तुलूझला बदली झाली आहे. सात वर्षांच्या मुलाला शाळेत डबा देता येईल का? — पुणे

उत्तर : बहुधा नाही. प्राथमिक शाळेचं कँटीन नगरपालिका चालवते. नाव नोंदवायला ‘मेरी’त, म्हणजे नगरपालिकेच्या कचेरीत जावं लागतं आणि दर बऱ्याच ठिकाणी घरच्या उत्पन्नावर ठरतो. घरचा डबा सहसा फक्त डॉक्टरांच्या कागदावर, ॲलर्जीसाठी चालतो. आठवड्यातून एक शाकाहारी जेवण देणं शाळांना बंधनकारक आहे. बाकी दिवशी पर्याय आहे की नाही हे गावावर अवलंबून, नाव घालतानाच विचारा. जमलं नाही तर मुलाला दुपारी घरी आणता येतं, जेवणाची सुट्टी किमान दीड तासाची असते.

कँटीनचं जेवण चार-पाच पदार्थांचं असतं : कच्ची किंवा शिजवलेली भाजी, मुख्य पदार्थ, दुसरी भाजी किंवा भात-पास्ता, चीज किंवा दही, फळ. २०११च्या नियमांनुसार तळलेले पदार्थ २० जेवणांत चारपेक्षा जास्त वेळा देता येत नाहीत, मीठ आणि केचप टेबलावर ठेवत नाहीत, पाव आणि पाणी हवं तेवढं. पहिला महिना मुलगा फक्त पाव खाऊन येईल. घाबरू नका, चारला भूक लागली की पाव आणि चॉकलेटची वडी द्या, तिथली मुलंही तेच खातात.

प्रश्न : पॅरिसहून आणलेला बगेत (लांबट फ्रेंच पाव) दुसऱ्या दिवशी काठी होतो. फ्रिजमध्ये ठेवूनही तेच. — मुंबई

उत्तर : फ्रिजमध्ये ठेवल्यामुळेच. फ्रिजच्या तापमानाला पावातला स्टार्च सगळ्यात लवकर कडक होतो. बगेतमध्ये तूप, दूध, साखर काहीच नाही. १९९३च्या हुकुमानुसार ‘त्रादिस्यों’ नावाने विकायच्या पावात पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण एवढंच, ठरावीक अपवाद सोडून बाहेरचं काही नाही, रसायनं तर नाहीतच, आणि कुठल्याही टप्प्यावर गोठवायचा नाही. त्याला टिकवणारं आत काही नसतंच. तिथे लोक रोज आणतात, एकटा माणूस अर्धा मागतो, बेकरीवाला कापून देतो.

तुम्ही आणल्या दिवशीच तुकडे करून फ्रीजरमध्ये टाका. काढल्यावर पाण्याचा हात फिरवून १८० अंशांवर पाच-सहा मिनिटं. एकदाच जमतं, दुसऱ्यांदा दगड. पावसाळ्यात उलटं होतं, हवेतल्या ओलाव्याने कवच वातड पडतं, उपाय तोच. अगदी कडक झालेल्याचे काप २५० मिली दूध, २ अंडी, २ चमचे साखर यात नीट भिजवून लोण्यावर भाजा. त्याला ‘पँ पेर्द्यू’ म्हणतात, वाया गेलेला पाव. ताज्या पावाचा केला तर तो दुधात विरघळून खरंच वाया जातो.

प्रश्न : ऑफिसातल्या फ्रेंच सहकाऱ्याने रात्री आठला घरी जेवायला बोलावलंय. काय न्यावं, काय टाळावं? — एक वाचक, ग्रनोब्ल

उत्तर : आठ वाजून दहा मिनिटांनी किंवा सव्वाआठला पोहोचा. आठच्या आधी तर मुळीच नको, यजमान अजून ॲप्रन बांधून असतात. चॉकलेट किंवा फुलं न्या. शेवंती मात्र नको. आपल्याकडे ती देवाला आणि वेणीत, तिथे १ नोव्हेंबरला कबरीवर वाहतात. शाकाहारी असाल तर आजच कळवा, टेबलावर बसल्यावर नव्हे.

आधी पेय आणि खारे दाणे-ऑलिव्ह, ते पाऊण तास चालतं. त्याने पोट भरू नका. टेबलावर दोन्ही मनगटं दिसू द्या, एक हात मांडीवर ठेवणं तिथे विचित्र दिसतं. पाव ताटात नाही, सरळ टेबलक्लॉथवर ठेवतात, सुरीने न कापता हाताने मोडतात, आणि पालथा कधीच ठेवत नाहीत. सॅलडचं पान सुरीने कापू नका, काट्याने दुमडा. चीजची थाळी एकदाच फिरते. त्रिकोणी ब्रीचं टोक कापून घेणं म्हणजे पंगतीत मधला मलईचा भाग एकट्याने उचलणं, कडेपासून टोकापर्यंत लांब काप घ्या म्हणजे साल सगळ्यांच्या वाट्याला येते. कॉफी गोडाबरोबर नाही, गोड संपल्यावर.

आणि एक बारीक गोष्ट. कुणी ‘अजून घेणार?’ म्हणून भांडं पुढे केलं आणि तुम्ही हसून नुसतं ‘मेर्सी’ म्हणालात, तर भांडं परत जाईल. तिथे त्याचा अर्थ ‘नको, पुरे’ असा होतो, आणि आपल्यासारखा दोनदा-तीनदा आग्रह कुणी करत नाही. हवं असेल तर ‘वी, अव्हेक प्लेझीर’ म्हणा.